फळीपुढची खूण

खोली दाखवायला मी कुलूप काढलं, तर ते आत आलेच नाहीत. उंबऱ्याशी उकिडवे बसले, खिशातून पोलादी टेप काढला, त्याचं टोक मला धरायला लावलं आणि तसेच सरकत समोरच्या भिंतीपर्यंत गेले.

"तुम्ही बारा फूट म्हणाला होतात," ते तिथून म्हणाले. "अकरा फूट दहा इंच भरते."

"गिलाव्यात गेलं असेल."

"असेल," ते म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं.

मला वाटलं, हा आता दुसरीकडे खोली बघणार. पण त्यांना खोलीत फारसा रस नव्हताच. आमच्या घरामागे माझी एक लांबोळकी पडीक पट्टी होती, दोन्ही बाजूंनी बांध, मधे टणक मुरूम. ती त्यांनी येतानाच हेरून ठेवली होती. "ही मोकळीच राहणार आहे का?" एवढं विचारलं. मी हो म्हणालो. ते पट्टीच्या टोकाला गेले आणि पाठमोरे पावलं टाकत निघाले. उजवा पाय पडला की त्यांचा डावा खांदा किंचित खाली यायचा. तो खांदा पाहिला आणि मी दाराची कडी घट्ट धरली.

हे दोन हजार साल. त्याच्या बारा वर्षं आधी हाच माणूस पुण्याच्या एका मैदानावर माझ्यासमोरून धावत आला होता. तिहेरी उडीची निवड चाचणी होती आणि जिथून उडी घेतात त्या फळीपाशी मी पंच होतो. त्यांच्या शेवटच्या उडीला मी लाल झेंडा वर केला, म्हणजे उडी बाद. त्याआधी दोनदा ते भारताच्या संघातून परदेशात उडी मारून आले होते. तिसऱ्यांदा गेले नाहीत, ते त्या झेंड्यामुळे. तो झेंडा चुकीचा होता. मला हे त्याच दिवशी माहीत होतं, त्यांना नव्हतं.

खोली दिलेली आहे, असं सांगून त्यांना परत पाठवता आलं असतं. मी किल्ली दिली. यात मोठेपणा नव्हता. हा माणूस सगळं पुणे सोडून हिंजवडीजवळच्या आमच्या जांबे गावात, माझ्याच दारात कसा आला, हे मला कळत नव्हतं. त्याला काय ठाऊक आहे ते शोधायचं, तर तो डोळ्यांसमोर असलेला बरा, असा माझा विचार होता.

ते दहा वर्षं राहिले.

मूळचे परभणीकडचे. हिंजवडीतल्या एका कंपनीत गाड्यांच्या वेळा लावायच्या खात्यात होते. एकटेच. लग्नाचं विचारलं की म्हणायचे, "राहून गेलं." कंपनीच्या ड्रायव्हरांनी सांगितलेलं अंतर त्यांना पटायचं नाही. सुट्टीच्या दिवशी सायकलच्या पुढच्या चाकाला फडकं बांधून, वेढे मोजत ते रस्ते पालथे घालायचे. एकदा नाक्यावर चहा पिताना एका ड्रायव्हरनं त्यांना माझ्यासमोरच विचारलं, "साहब, मीटर पे भी भरोसा नहीं?"

"मीटर किसने बनाया?" ते म्हणाले.

"कंपनीने."

"कंपनी को पूछा था?"

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी बशीत बघायला लागलो.

दूधवाल्याचं माप त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाण्यानं भरून तपासलं. माप बरोबर निघालं तर त्याचं समाधान नाही, उलट दूधवाल्याला म्हणाले, "आज बरोबर आहे." विजेचा मीटर, शिंप्याची पट्टी, चपलेवरचा नंबर, सगळ्यांकडे ते त्याच नजरेनं बघायचे. त्यांच्याकडे तीन टेप होते. महिन्यातून एकदा ते तिन्ही अंगणात शेजारी शेजारी ताणून ठेवत आणि त्यांतला कोणता खोटं बोलतोय ते बघत. आमची मंडळी म्हणाली, "अहो, या भाऊंना कुनीतरी लई मोठं फशिवलेलं दिसतंय." मी म्हणालो, तुला काय करायचंय.

गावानं त्यांना नाव ठेवलं मोजणीवाले. त्याची गोष्ट अशी. हिंजवडीच्या पुढच्या टप्प्याला आणखी जमिनी जाणार, अशी तेव्हा बोलवा होती. कुणी अनोळखी माणूस बांधावर उभा दिसला तरी लोक कामं सोडून बघत. अशात हे टेप घेऊन पाणंदीत बसलेले. शेजारच्या शेतातले आबा, वय सत्तरच्या पुढे, अंगावर बनियन आणि हातात विळा, तसेच त्यांच्या डोक्यावर जाऊन उभे राहिले.

"कुनाच्या वतीनं मोजताय, पाव्हणं?"

"माझ्याच."

"तुमची हाय का जमीन हितं?"

"नाही."

"मंग?"

"पावलं मोजायलोय."

"पावलं मोजाय टेप कशाला लागतोय?"

"पावलावर विश्वास नाही."

आबा तडक माझ्याकडे आले. "मास्तर, तुमचा भाडेकरू सरकारी हाय. लिवून घ्या. मला म्हन्ला पावलावर इश्वास न्हाई. असं मोजनीवालीच बोलत्यात."

"कंपनीत आहेत ते, आबा."

"कंपनीला जमीन कोन देतंय मंग? सरकारच ना. आन त्याची ती वही. तुमी घरमालक हायसा, बगा की आत काय लिवलंय."

मला निमित्तच हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मी माझ्याकडच्या किल्लीनं खोली उघडली. वही उशाशी होती. जुनी, पुठ्ठ्याची, शिवण उसवलेली. प्रत्येक पानावर तारीख आणि पाच रकाने: धाव, पाऊल, बूट, खूण, उडी. सगळी पानं भरलेली, फक्त शेवटचा, उडीचा रकाना सगळीकडे कोरा. पहिल्या पानाची पहिलीच तारीख त्या चाचणीची होती. त्या ओळीत खुणेच्या रकान्यात लिहिलं होतं: बावीस मिलिमीटर. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी वही होती तशी ठेवली आणि गावाला सांगितलं की जमिनीचं त्यात काही नाही. संध्याकाळी ते माझ्या ओट्याशी आले.

"मास्तर, माझी वही कुणीतरी बोटभर सरकवली आहे."

"उंदीर असतील."

"असतील," ते म्हणाले, आणि मला वाटलं ते माझ्या हातांकडे बघतायत.

रोज सकाळी साडेसहाला ते त्या पट्टीवर धावायचे. टोकाला एक लोखंडी खुंटी ठोकली होती, तिथून सुरुवात. दुसऱ्या टोकाला मुरमात एक लाकडी फळी जमिनीच्या पातळीला पुरून पांढरी रंगवली होती. खुंटीपासून धावत यायचे, फळीवर पाय आपटायचे आणि तसेच पुढे पळत जाऊन थांबायचे. उडी मारायचे नाहीत. मग वाकून फळीवरचा ओरखडा मोजायचा, वहीत लिहायचं, खुंटी उपटून दोन बोटं मागे किंवा पुढे ठोकायची आणि पुन्हा धावायचं. थंडीत अंगात भारताच्या संघाचा निळा कोट असायचा. त्याच्या खिशात टेप ठेवून ठेवून खिसा फाटला होता. गावातली बरीच मंडळी तो कोट जुन्या बाजारातला समजत. बांधावर बसून आबा रोज विचारायचे, "आज तरी मारनार का, पाव्हणं?"

"अजून पाय बसत नाही, आबा."

"दोन वरसं झाली की."

"चौदा झाली," ते म्हणायचे.

परदेशाच्या गोष्टी विचारल्या तर त्या अशा: तिथल्या हॉटेलची खोली किती बाय किती होती, वाळू किती दमट ठेवतात. स्पर्धेच्या आदल्या दुपारी ते रिकाम्या मैदानात जाऊन फळी मोजत बसले होते, पहारेकऱ्यानं हाकललं. कितवा आलात, असं माझ्या मंडळींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पहिल्या खेपेला सातवा, दुसऱ्या खेपेला पाचवा. फळी बरोबर वीस सेंटिमीटर होती, वहिनी. तिथं फसवत नाहीत. पण बघितलेलं बरं."

"मंग तिसऱ्यांदा नाही गेलात?"

"पाय पुढे पडला," ते म्हणाले. मी उठून आत गेलो.

मला त्यांचा संशय यायचा, म्हणजे त्यांना माझा संशय असल्याचा संशय. एके दुपारी विटांचा ट्रक मागे घेत होते. माझ्या खांद्यावर लाल पंचा होता. ट्रक भिंतीला लागतोय असं वाटून मी तो पंचा झटक्यात वर केला. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. खाली उतरून बघतो तर भिंत अजून हातभर लांब. तो पुटपुटत परत वर चढला. हे पायरीवर उभे होते. म्हणाले, "तुमचा हात फार लवकर वर जातो, मास्तर."

मी चार रात्री नीट झोपलो नाही. पाचव्या दिवशी ते नेहमीसारखे पाण्याची तक्रार घेऊन आले, तेव्हा जरा जिवात जीव आला. पण लाल पंचा मी नंतर वापरला नाही.

एकदा त्यांनी सरळच विचारलं. "मास्तर, तुम्ही खेळाचे शिक्षक होतात. पंच म्हणून जायचात का कुठं?"

"शाळेपुरता," मी म्हणालो. "आंतरशालेय वगैरे."

"तिहेरी उडीला?"

"आमच्या शाळेत खड्डा कुठला."

त्या दिवशी ते मला खोलीत घेऊन गेले. खिडकीच्या फळीवर नऊ बूट ओळीनं, स्पाइकचे, बहुतेक फाटके. त्यांच्यासमोर प्लायवुडच्या तुकड्यांवर मेणमातीच्या पट्ट्या. खेळाडूचा पाय पुढे गेला तर कळावं म्हणून फळीच्या पुढच्या कडेला अशी मऊ पट्टी लावतात. चवडा जरा पुढे गेला तरी तिच्यात खूण उमटते. खूण म्हणजे फाउल. इथल्या पट्ट्यांवर बुटांची टोकं दाबून उमटवलेल्या शेकडो खुणा होत्या.

"त्या दिवशीची खूण मी स्वतः मोजली," ते म्हणाले. "बावीस. हा बूट होता पायात. सरळ दाबला तर एकतीस येते. तिरका दाबला तर सदतीस, पण ती लांबट. बावीस कुठूनच येत नाही. सगळे बूट झाले. बोटाचं हाड वाकडं आहे का म्हणून फोटोही काढला पायाचा."

मी विचारलं, "पंचानं काही केलं असेल का?"

ते माझ्याकडे बघून हसले. दहा वर्षांत ते हसलेले मला दोनदाच आठवतात. "पंच कशाला करील, मास्तर? त्याला काय मिळणार? माझं त्याचं वैर नाही, ओळख नाही. टेप, बूट, जमीन, माझे पाय, यांतलं काहीतरी एक खोटं आहे. सापडेल."

दूधवाल्यापासून विजेच्या मीटरपर्यंत कुणालाही न सोडणारा हा माणूस एकाच माणसाला सोडून बसला होता, आणि तो माणूस त्यांच्या खोलीत, त्यांच्याच खुर्चीत बसून चहा पीत होता.

आता त्या दिवशी काय झालं ते सांगतो.

तिहेरी उडीत फळीवरून निघाल्यावर खेळाडू आधी त्याच पायावर लंगडीसारखा पडतो, मग दुसऱ्या पायावर ढांग टाकतो आणि मग वाळूत उडी घेतो. मी शिकलो तेव्हाचा नियम असा होता, की या मधल्या टप्प्यांत मागे राहिलेला मोकळा पाय जमिनीला लागला तर फाउल. पंचवीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं. नियम बदलून तीन-चार वर्षं झाली होती. मोकळा पाय लागला तरी चालतो, असं ठरलं होतं. त्याचं परिपत्रक माझ्याकडे आलंही होतं. शाळेच्या कपाटात, न उघडलेल्या पाकिटात.

त्यांची शेवटची उडी होती. ते आले, फळीवर पाय पडला आणि लंगडीत त्यांच्या मोकळ्या पायाचं टोक जमिनीला घासलं. मी ते पाहिलं आणि माझा हात वर गेला. लाल झेंडा दिसला की मोजायचं काही उरत नाही, म्हणून फावडीवाल्यांनी लगेच वाळू ओढून खड्डा सपाट केला. तेवढ्यात माझ्या शेजारी निकाल लिहायला बसलेला शहरातला तरुण शिक्षक हळूच म्हणाला, "सर, मागचा पाय लागला तर आता फाउल नसतो."

"माहीत आहे," मी म्हणालो.

माहीत नव्हतं. आणि पलीकडून मुख्य पंच चालत येत होते, कशाचा फाउल ते विचारायला. मी नियमाचं नाव घेतलं असतं तर एवढ्या लोकांत मला नियम माहीत नाही, हे उघड झालं असतं. मी खेळाडूची खूण बघतोय असं दाखवून फळीपाशी वाकलो. मेणमातीची पट्टी स्वच्छ होती, तिच्यावर साधा ओरखडा नव्हता. मी तिच्यावर अंगठा दाबला.

"चवडा पुढे गेलाय," मी मुख्य पंचांना सांगितलं. त्यांनी खूण बघितली आणि मान हलवली. लिहिणारा शिक्षक खाली मान घालून बसला होता. त्यानं कागदावर फुली मारली. त्यानं काय पाहिलं ते मी त्याला कधी विचारलं नाही.

मग हे आले. अंगाला वाळू चिकटलेली. मला वाटलं आता भांडणार. ते खाली बसले, पट्टीपाशी तोंड नेलं, खिशातून छोटा टेप काढून खूण मोजली, माझ्याकडे न बघता "बरोबर आहे" म्हणाले आणि निघून गेले.

त्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे फार वेळा वाटलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. आपला पाय पुढे पडतो, असं मनात घेतलं आणि सुरुवातीची खुंटी मागे सरकवली. पुढच्या स्पर्धेत पाय फळीच्या फार मागे पडला. मग खुंटी पुढे. मग शेवटची चार पावलं बिचकत, फळीकडे बघत. धावणाऱ्यानं एकदा फळीकडे बघायला सुरुवात केली की त्याचा वेग संपतो. हे मी शिकवत आलोय, त्यामुळे काय झालं असेल ते मला कुणी सांगायला नको. दोन वर्षांत त्यांचं नाव याद्यांमधून गेलं. मी वर्तमानपत्रात बघायचो. एके वर्षी बघणं बंद केलं.

सांगायची संधी मला रोज सकाळी साडेसहाला येत होती. पहिली दोन वर्षं भीतीत गेली. पुढे वाटायला लागलं, आता सांगितलं तर हा विचारणार, इतके दिवस का नाही सांगितलं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. दर वर्षी ते उत्तर आणखी अवघड होत गेलं. आमची मंडळी गेली तेव्हा तिसऱ्या दिवसापर्यंत ते माझ्या ओट्यावर बसून होते. तेव्हाही मी गप्प राहिलो.

दोन हजार दहा साली मी ती पट्टी आणि मागच्या खोल्या एका बिल्डरला दिल्या. मुलांचं म्हणणं तसं होतं, आजूबाजूला टॉवर उठलेच होते. मी त्यांना सांगायला गेलो तेव्हा ते बूट पुसत होते. वाईट वाटलेलं दिसलं नाही. म्हणाले, गावाकडे जातो आता, नोकरीही पुरे झाली.

"एक काम होतं, मास्तर. उद्या सकाळी फळीपाशी उभे राहाल? पळताना माझा पाय कुठं पडतो ते मला दिसत नाही. दुसऱ्यानं बघायला पाहिजे."

"दहा वर्षांत कुणाला सांगितलं नाहीत."

"विश्वासाचा माणूस पाहिजे ना."

सकाळी मी फळीपाशी उभा राहिलो. बावीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी, डावीकडे, दोन पावलं मागे. बांधावर आबा नव्हते, त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मोजणीवाले खुंटीपाशी गेले, कोट काढून ठेवला. पन्नाशीचा माणूस, केस पांढरे, पोट थोडं सुटलेलं. धावायला लागले. मी नजर फळीवरून हलवली नाही. धप्प आवाज झाला आणि ते पुढे निघून गेले.

"कसा होता?" पलीकडून त्यांनी विचारलं.

"बरोबर. फळीच्या आत."

"किती आत?"

"तीन बोटं."

ते चालत जवळ आले. श्वास लागला होता. "खरं बघितलंत?"

"बघितलं," मी म्हणालो. "तेव्हाही आतच होता."

"तेव्हा म्हणजे?"

मी सांगितलं. उभ्या उभ्या, बांधाला हात टेकून सांगितलं. पाकिटातलं परिपत्रक, घासलेला पाय, लिहिणाऱ्या शिक्षकाचं वाक्य, अंगठा. माझं संपल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"कोणत्या हाताचा?"

"उजव्या."

ते खोलीत गेले. काय घेऊन येतील ते मला कळेना. मी तिथून हललो नाही. ते आले तेव्हा एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात प्लायवुडचा तुकडा, त्यावर मेणमातीची कोरी पट्टी. पट्टी त्यांनी फळीच्या पुढे ठेवली.

"दाबा. तेवढ्याच जोरानं."

मी गुडघे धरत खाली बसलो आणि अंगठा दाबला. त्यांनी टेप लावला. चष्मा नव्हता, मला आकडा दिसत नव्हता. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं, पुन्हा टेपकडे बघितलं, पुन्हा पानाकडे.

"जुळलं," ते म्हणाले.

त्यांनी टेप गुंडाळून खिशात ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही होतात हे मला माहीत नव्हतं. मी वाळूत होतो, मला नुसता झेंडा दिसला. नंतर सगळं लक्ष त्या पट्टीत." आणि वर बघून, "पण का?"

"नियम माहीत नव्हता. ते कळू नये म्हणून."

"एवढंच?"

"एवढंच."

"मला सांगायचंत," ते म्हणाले. "वाळू ओढली होती तर ओढली होती. दुसरी उडी मिळाली असती. अंगात होती अजून."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, पहिल्या पानाच्या पहिल्या ओळीत खुणेचा आकडा खोडला, आणि पेन्सिल शेवटच्या, कोऱ्या रकान्यावर नेऊन थांबवली.

"किती गेली होती?"

"निवडीच्या अंतराला बाजूला खूण ठोकली होती. तिच्या पुढे."

"किती पुढे?"

"वीतभर असेल. दीड वीत."

"असेल?"

"मोजली नाही. अंदाज आहे."

पेन्सिल तशीच राहिली. "अंदाज मी लिहीत नाही, मास्तर," ते म्हणाले आणि वही मिटली.

मग त्यांनी माझ्याकडे फावडं मागितलं. मी आणून दिलं. फळी इतकी घट्ट बसली होती की अर्धा तास लागला. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. फळी निघाली, त्यांनी ती भिंतीला उभी केली. खाली लांबट, सरळ कडांचा खड्डा राहिला. टेप त्यांच्या खिशातच होता. ते खड्ड्याकडे बघत उभे राहिले, टेप काढला नाही. पायानंच माती आत लोटली, वर दोनदा पाय आपटला आणि कोट उचलून खोलीकडे गेले.